सूर्याच्या पिकातील सरवा



थोड्या दिवसांपूर्वी एका खेड्यातील उपदेशकांचे पत्र मजकडे आले. त्यांच्या लहानशा मंडळीत एक शेतकरी बंधू आहेत. त्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. गावाजवळ सूर्यप्रकाशापासून वीज उत्पन्न करण्याचे केंद्र उभे राहावयाचे असून त्यासाठी ही जमीन भाड्याने घेण्याचा करार झाला. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांस आता पाऊस पडो वा न पडो, वर्षाला ठराविक रक्कम मिळेल. साहजिकच त्यांनी उपदेशकांस विनंती केली की, आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा भरवावी. त्याच मंडळीत एक विधवा भगिनी आहेत. त्यांच्या नावे कोठेही जमीन नाही. वीस वर्षे त्या याच शेतात निंदणी, खुरपणी व काढणी करीत आल्या. काढणी झाल्यावर मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचून त्यांनी लेकरांच्या तोंडी घातल्या. आणि शेताच्या बांधावर त्यांच्या तीन शेळ्या चरत असत. कराराची वार्ता ऐकून त्या उपदेशकांकडे आल्या व त्यांनी इतकेच विचारले, "मास्तर, त्या सभेत मी कशाबद्दल उपकार मानू?"

उपदेशकांना उत्तर सुचले नाही. त्यांनी तोच प्रश्न मजकडे धाडला. मी तत्काळ उत्तर लिहिले की, दोघांसाठीही प्रार्थना करा. परंतु पाकीट बंद करण्यापूर्वी ते पुन्हा वाचले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. जो प्रश्न सोडविणे जड वाटते, त्यावर प्रार्थनेची मोहोर मारून तो परत पाठवावयाचा, ही आम्हा पाळकांची जुनी खोड आहे. प्रार्थना हे न्यायाच्या प्रश्नावर घालावयाचे पांघरूण नव्हे. ते पत्र मी फाडून टाकले, आणि पुष्कळ विचारानंतर जे उत्तर धाडले तेच येथे विस्ताराने मांडीत आहे. कारण असा प्रश्न आज एका गावात उठला, उद्या तो दहा गावांत उठेल.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम नीट पाहू. ह्या शेतकरी बंधूंनी चोरी केली नाही, कोणास फसविले नाही, कोणाची मजुरी बुडविली नाही. जमीन त्यांची, करार कायदेशीर, आणि ज्या कामासाठी जमीन दिली ते कामही लोकोपयोगी. तथापि त्यांच्या ह्या निर्दोष लाभामुळे दुसऱ्याच्या ताटातील भाकर गेली. असे असता ते त्या भगिनीचे काही देणे लागतात काय? आणि लागत असतील, तर ते दान म्हणून द्यावयाचे की हक्क म्हणून?

हीच गोष्ट जेथे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे, अशा एका ठिकाणाकडे पाहिले म्हणजे विचारास बळकटी येईल. कर्नाटक राज्यातील तुमकुरू जिल्ह्यात पावगडा नावाचा तालुका आहे. तो तीन बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला असून त्याची गणना पूर्वीपासून अवर्षणग्रस्त मुलखात होत आली आहे. भुईमूग हे तेथील मुख्य पीक. पाऊस हुलकावणी देई, विहिरी आटत, आणि लोक कामाच्या शोधात बेंगळुरूची वाट धरीत. सोलापूर, बीड वा अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांस हे चित्र अधिक समजावून सांगावयास नको.

ह्या तालुक्यातील तिरुमणी, वल्लूर, बालसमुद्र, क्यातगानचेर्लू व रायचेर्लू ह्या पाच गावांच्या परिसरात सुमारे १३,००० एकर जमिनीवर सूर्यविजेचे एक प्रचंड केंद्र उभारण्यात आले. त्यासाठी राज्य व केंद्र सरकारच्या संस्थांनी मिळून २०१५ साली एक कंपनी स्थापिली. २०१८ च्या मार्च महिन्यात तत्कालीन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या ६०० मेगावॅटचे उद्घाटन झाले, आणि २०१९ च्या अखेरीस ते २,०५० मेगावॅट इतक्या पूर्ण ताकदीस पोहोचले. त्यास 'शक्तिस्थळ' असे नाव दिले आहे. जगातील मोठ्या सूर्यवीज-केंद्रांत त्याची गणना होते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेतकऱ्यांची जमीन विकत घेतली नाही वा सक्तीने काढून घेतली नाही. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले व दर दोन वर्षांनी त्यात शेकडा ५ वाढ द्यावयाचे ठरले. मालकी शेतकऱ्याचीच राहिली.

ह्या व्यवस्थेत मला पवित्र शास्त्राचा एक जुना सुगंध येतो. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात परमेश्वराने जमिनीविषयी जो नियम घालून दिला, त्याचे तात्पर्य हेच की, भूमी शेवटी देवाची आहे, आपण तिच्यावर परक्यासारखे वस्ती करून आहोत, म्हणून ती कायमची विकावयाची नाही. विकावयाची ती केवळ योबेल वर्षापर्यंतची पिके, आणि किंमतही तितक्या पिकांची. पावगड्याचा भाडेपट्टा करणाऱ्यांनी लेवीय वाचून तो केला असे मी म्हणत नाही. तथापि शेतकऱ्याला एकरकमी पैसे हाती देऊन त्याच्या वाडवडिलांच्या भुईवरून कायमचे उठवून लावण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा, हे निःपक्षपातीपणे कबूल केले पाहिजे. नाबोथाच्या द्राक्षमळ्यासारखा प्रकार येथे झाला नाही.

आता ह्या केंद्रातून वीज कशी निघते व किती निघते, हे थोडक्यात सांगतो. कारण प्रश्नाचे मर्म त्या हिशेबातच आहे. निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याचा जो प्रकाश पडतो, त्याची शक्ती सुमारे १,००० वॅट असते. प्रकाश पडताच वीज उत्पन्न व्हावी हा चमत्कारिक गुण काही पदार्थांच्या ठायी आहे, असे बेकेरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञास १८३९ साली आढळून आले. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉन नामक द्रव्यापासून उपयोगात आणता येईल असा पहिला घट तयार झाला. वाळूतच मिळणाऱ्या ह्या द्रव्याच्या पातळ चकत्या काचेखाली बसवून ज्या फळ्या बनवितात, त्यांसच आपण सोलर प्लेटा म्हणतो. पडलेल्या प्रकाशाच्या साधारण पाचव्या हिश्शाची त्या वीज करतात. ही वीज एकाच दिशेने वाहते. इन्व्हर्टर नावाचे यंत्र तिला दिशा पालटत वाहणाऱ्या विजेचे रूप देते, रोहित्रे तिचा दाब वाढवितात, आणि उंच मनोऱ्यांवरील तारांतून ती दूरदूरच्या शहरांकडे जाते.

२,०५० मेगावॅट ही झाली पूर्ण ताकद. परंतु सूर्य रात्री नसतो, सकाळ-संध्याकाळ तिरपा असतो, पावसाळ्यात ढगांआड जातो. शिवाय प्लेटांवर धूळ बसते, आणि ऊन फार तापले म्हणजे त्यांचा जोर उलट थोडा कमी होतो. म्हणून वर्षाची सरासरी काढली तर अशा मुलखातील केंद्र दिवसाला पूर्ण ताकदीच्या सुमारे पाच तासांइतकी वीज देते, असे धरून चालण्यास हरकत नाही. त्या हिशेबाने पावगड्याचे रोजचे उत्पन्न सुमारे एक कोटी युनिटे होते. तितकीच वीज कोळशापासून काढावयाची तर दर युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. म्हणजे रोज पाच हजार टनांहून अधिक कोळसा येथे जळावयाचा वाचतो व त्याचा धूरही वाचतो. हे लहान पुण्य नव्हे. जे कोणी अशा केंद्रास सरसकट शिव्या देतात, त्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. हा लेख मी ज्या दिव्याखाली लिहीत आहे, त्यातही असल्या विजेचा अंश असेल.

आता एका एकराचा हिशेब पाहू. रोजची एक कोटी युनिटे १३,००० एकरांवर वाटली तर एका एकरास दिवसाला जवळजवळ ७७० युनिटे येतात. ज्या घरास दिवसाला तीन युनिटे लागतात, अशा अडीचशेहून अधिक घरांस एक एकर पुरेल. ज्या एकरावर वाईट वर्षी भुईमुगाचे बियाणेही परत येत नसे, त्याचे हे पीक! वर्षाकाठी ते सुमारे २,८१,००० युनिटे भरते. त्या एकराचे भाडे आरंभी २१,००० रुपये; म्हणजे एका युनिटामागे जमिनीच्या मालकाचा वाटा साधारण सात पैसे झाला. सात पैसे थोडे की फार, ह्याचा वाद ज्यांचा त्यांनी करावा. मला विचारावयाचे आहे ते त्याच्या पुढचे. त्याच एकरावर ज्या बाईने निंदणी केली, ज्या गड्याने शेंगा तोडल्या, ज्या मेंढपाळाने काढणीनंतर आपला कळप बसविला, त्यांचा वाटा किती पैसे?

त्याचे उत्तर असे की, भाडेपट्ट्यात त्यांचा वाटा शून्य. करार होतो तो ज्याच्या नावाचा उतारा आहे त्याच्याशी. ज्याच्या नावे काहीच नाही त्याच्याशी करार कोणी व कसा करावा? पावगड्यात ज्यांची जमीन अधिक, त्यांस भाडेही अधिक मिळाले. आणि भूमिहीन मजुरांची शेतातील कामे गेली, गुरे व शेळ्यामेंढ्या चारावयाच्या जागा कुंपणाआड गेल्या. काहींना पहारेकऱ्याचे, गवत कापण्याचे वा प्लेटा धुण्याचे काम मिळाले, हे खरे. परंतु केंद्र उभारताना जितके हात लागतात, तितके ते चालविताना लागत नाहीत. मालकाचा दुष्काळ भाड्याने संपला. मजुराचा दुष्काळ मात्र, जो पूर्वी एखाद्या चांगल्या पावसाने मिटत असे, तो आता कुंपणाच्या तारेने कायमचा झाला.

येथे कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आपण त्या शेतमजुरीचे फार गोड चित्र काढता. ती मजुरी तुटपुंजी होती, दुष्काळात तीही मिळत नव्हती. मग नाहीशी झाली तर काय बिघडले?" हा आक्षेप खोटा नाही, व मी तो झाकून ठेवू इच्छीत नाही. ती मजुरी थोडी होती. परंतु थोडे ज्याच्याजवळ आहे, त्याचे थोडे गेले म्हणजे सर्वस्व जाते. शिवाय मजुरी हा एकच दुवा त्या बाईस शेताशी बांधीत नव्हता. बांधावरील गवत, जळणाची काटकी, मातीत राहिलेल्या शेंगा, संकटात मालकाकडून मिळणारी पायलीभर ज्वारी, असे दहा धागे होते. कोणत्याही कागदावर ह्यांची नोंद नव्हती, म्हणून ते तुटले तेव्हा त्यांची भरपाई मागावयासही कागद नव्हता.

आता शास्त्राकडे वळू. लेवीयाच्या १९ व्या व २३ व्या अध्यायांत आणि अनुवादाच्या २४ व्या अध्यायात एक नियम पुन्हा पुन्हा येतो. शेताची कापणी करताना कोपरे शेवटपर्यंत कापावयाचे नाहीत, पडलेला सरवा मालकाने वेचावयाचा नाही, विसरून राहिलेली पेंढी आणावयास परत फिरावयाचे नाही. ते सारे गरीब, उपरी, अनाथ व विधवा यांचे. आता ह्या नियमाचे शब्द नीट तोलून पाहा. मालकाने दया दाखवून आपल्या कोठारातून काही द्यावे, असे येथे सांगितलेले नाही. दान देण्याची आज्ञा शास्त्रात अन्यत्र आहेच. येथे सांगितले आहे ते असे की, शेताचा हा भाग मुळी मालकाचा नव्हेच. त्याने तो घेतला तर तो आपले घेत नाही, दुसऱ्याचे घेतो. म्हणून सरवा हा हक्क होय, भीक नव्हे. वेचणारीला कोणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. ती स्वतःच्या श्रमाने, मान खाली न घालता, आपला वाटा उचलते.

आणि ह्याचे कारणही उघड आहे. पिकात मालकाची मेहनत असते, बियाणे असते, बैल असतात. परंतु ऊन व पाऊस कोणाच्या मालकीचे? प्रभूने डोंगरावरील उपदेशात आपणांस शिकविले की, सूर्य उगविताना स्वर्गीय पिता सज्जन व दुर्जन असा भेद करीत नाही. जमिनीचा उतारा निघतो, उन्हाचा निघत नाही. भुईमुगाच्या पिकात ऊन हा अनेक भागीदारांपैकी एक होता. सूर्यविजेच्या पिकात तर ऊन हेच बी, ऊन हेच खत व ऊन हेच पाणी. मग ज्या पिकात देवाचा वाटा पूर्वीपेक्षा अधिक, त्यात देवाच्या गरिबांचा वाटा पूर्वीपेक्षा कमी, हे कसे शोभावे?

परंतु येथे एक अडचण आहे, आणि तीच ह्या लेखाचा मुख्य मुद्दा होय. धान्याच्या पिकात सरवा आपोआप पडे. कापणारा कितीही कंजूष असला, तरी विळ्यातून चार कणसे निसटत. कितीही काळजीने खणले, तरी काही शेंगा मातीत राहत. मालकाच्या मनात दया नसली तरी निसर्गच गरिबांसाठी काही सांडून ठेवीत असे. विजेच्या पिकाचे तसे नाही. ते प्लेटेतून निघाले की तारेत शिरते आणि त्याच क्षणी मीटरवर मोजले जाते. त्यातील एक दाणाही वेचणाऱ्यासाठी बांधावर पडत नाही. ते पीक साठवूनही राहत नाही. बॅटरीत धरून ठेवली नाही तर वीज ज्या घटकेस निघाली त्याच घटकेस खर्ची पडली पाहिजे, जसा रानातील मान्ना दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. पण मान्ना गोळा करणाऱ्यांत पुष्कळ वेचणाऱ्यास जास्त झाले नाही व थोडे वेचणाऱ्यास उणे पडले नाही, असे निर्गमाच्या १६ व्या अध्यायात आपण वाचतो. आमच्या तारांना अद्याप ती विद्या साधलेली नाही.

तेव्हा नव्या पिकात सरवा आपोआप पडत नाही. तो कोणीतरी बुद्ध्या पाडला पाहिजे. ह्याचाही दाखला शास्त्रात आहे. रूथ सरवा वेचावयास बवाजाच्या शेतात गेली, तेव्हा बवाजाने नियमापुरते करून हात झटकले नाहीत. त्याने आपल्या गड्यांस सांगून ठेवले की, हिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, आणि मुठीतून थोडे थोडे मुद्दाम सांडत जा. तो तिला धान्याचे पोते भरून देऊ शकला असता. त्याने तिचा मान राखून सरवाच अधिक सांडला. नव्या काळातील मालकाने, कंपनीने, ग्रामपंचायतीने व मंडळीने बवाजाची ही युक्ती शिकावयाची आहे.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आली आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. शेतीच्या पंपांस दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. रात्री अंधारात, साप-विंचवांच्या भयात पिकांस पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास ह्या हेतूचे मोल ठाऊक आहे. २०२३ साली ह्या योजनेस नवे रूप मिळाले आणि उपकेंद्रांजवळची खाजगी जमीन देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे व दरवर्षी शेकडा ३ वाढ ठरविण्यात आली. ह्या कामासाठी सरकारी व गायरान जमिनीही घेण्यात येतात. गायरान म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांस विचारावे. मालकाच्या दृष्टीने ती पडीक. शेळीच्या व शेळीवर जगणाऱ्या विधवेच्या दृष्टीने तेच तिचे शेत.

मग करावयाचे काय? उपदेशकांनो, आपणांस उद्देशून मी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ग्रामसभेविषयी. जेथे असे केंद्र येऊ घातले आहे, तेथे ग्रामसभेस जा आणि भूमिहीन बंधुभगिनींस बरोबर न्या. विरोधासाठी विरोध करू नका. लेखी मागणी करा. त्या जमिनीवर वा गायरानावर कोणाकोणाचा चरितार्थ चालतो त्यांची नावे प्रथम नोंदविली जावीत. गवत कापणे, प्लेटा धुणे व पहारा ही कामे आधी त्याच कुटुंबांस मिळावीत. शेळ्यांसाठी वाट व काही चराऊ जमीन राखावी. प्लेटांखालील गवत मेंढ्यांकडून चारून घेण्याची पद्धत अमेरिका व ऑस्ट्रेलिया ह्या देशांत रूढ होत आहे. तेथे मेंढपाळास त्याबद्दल मोबदलाही मिळतो. जे तेथे शक्य, ते येथे अशक्य असे कोणी न विचारताच का ठरवावे?

दुसरी गोष्ट जमीनमालकाविषयी. त्याने आपल्या शेताचा एक कोपरा न कापलेला ठेवावा. आता कोपरा म्हणजे भाड्याचा काही भाग. तो किती, हे मी सांगणार नाही; शास्त्रानेही कोपऱ्याचे माप दिले नाही, ते मालकाच्या देवभीरुतेवर सोडले. परंतु तो भाग देणगीच्या थाळीत वाजवून टाकू नये. ज्यांनी त्या शेतात घाम गाळला, त्यांच्या घरी स्वतः जाऊन, त्यांचा जुना वाटा म्हणून तो द्यावा. शेळ्या घेण्यास, शिवणयंत्रास वा मुलाच्या शिक्षणास तो कामी येईल असे पाहावे.

तिसरी गोष्ट मंडळीविषयी. पुष्कळ ठिकाणी मंडळीच्या नावे जुन्या जमिनी आहेत. उद्या त्यांसही भाडे देणारा भेटेल, आणि पंचमंडळास ते भाडे म्हणजे आकाशातून पडलेले धन वाटेल. तेव्हा दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी मंडळीने स्वतः विचारावे की, ह्या जमिनीवर आज कोण कसतो, कोण चारतो, आणि भाड्यात त्याचा सरवा कोठे आहे.

चौथी गोष्ट त्या भगिनीसारख्या बांधवांविषयी. आपला वाटा मागताना त्यांनी मत्सर बाळगू नये. शेजाऱ्याचे घर उजळले ह्याचे दुःख करणे हे पापच होय, मग दुःख करणारा गरीब का असेना. परंतु मत्सर करू नये म्हणून न्यायही मागू नये, असे जो शिकवितो तो शुभवर्तमान शिकवीत नाही. द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट प्रभूने मत्तयाच्या २० व्या अध्यायात सांगितली आहे. संध्याकाळपर्यंत बाजारात रिकामे उभे राहिलेल्यांस त्या धन्याने आळशी म्हटले नाही. त्यांस कोणी कामावर लावले नव्हते, हे त्यांचे म्हणणे त्याने खरे मानले आणि त्यांच्या दिवसाच्या भाकरीची काळजी घेतली.

शेवटी उपदेशकांस मी असे लिहिले: "उपकारस्तुतीची सभा अवश्य भरवा, परंतु घाईने नको. आधी त्या शेतकरी बंधूंजवळ बसून रूथाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचा आणि मग गप्प राहा. पुढचे बोलणे त्यांच्या मनाला करू द्या." उपदेशकांनी तसे केले. ते कळवितात की, बंधू प्रथम रागावले व म्हणाले, माझी जमीन, माझे भाडे, त्यात रूथ कोठून आली? दोन रविवार ते उपासनेस आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले आणि मागच्या बाकावर बसले. सभा अद्याप भरलेली नाही. ती भरेल की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु जी सभा त्या भगिनीस तोंड वर करून बसता येणार नाही अशी भरेल, ती न भरलेलीच बरी.

वाचकहो, रोज सकाळी सूर्य उगवतो तो कोणाचे भाडे घेऊन उगवत नाही. पावगड्याच्या काचांवर व आपल्या गावच्या गायरानावर तो सारखाच पडतो. त्याच्या प्रकाशातून वीज काढण्याची बुद्धी देवाने मनुष्यास दिली, त्याबद्दल त्याचे उपकार मानू. त्या पिकातून बुद्ध्या सरवा सांडण्याचे मनही तोच आपणांस देवो. म्हणजे "मी कशाबद्दल उपकार मानू?" असे विचारणाऱ्या त्या भगिनीस आपल्या मंडळीकडून खरे उत्तर मिळेल. आमेन.